अवधान आणि आत्मनिवेदन

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रकाबरोबर एक आत्मनिवेदन पाठवावे लागते. बहुसंख्य महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात त्याची मर्यादा ५,३०० अक्षरांची असते, आणि त्या मोजणीत दोन शब्दांमधील मोकळी जागाही धरली जाते. वैद्यक का शिकावयाचे, एवढाच प्रश्न. वाङ्मयप्रकार म्हणून या लेखनाकडे पाहण्याची प्रथा नाही. परंतु दरवर्षी हजारो तरुण ज्या साच्यात आपले आयुष्य ओततात तो साचा फार जुना आहे. आधी अंधार, मग निर्णायक क्षण, त्यानंतर प्रकाश. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनापासून ख्रिस्ती परंपरेतील परिवर्तनाच्या कथा याच वळणाने चालत आल्या.

न्यू जर्सीत वाढलेल्या एका मराठी कुटुंबातील मुलीला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी हा साचा हाती घ्यावा लागला. तिच्यापाशी अंधार होता, निर्णायक क्षणही होता. अडचण होती ती नेमकी तीच.

शाळेत तिला अभ्यास करावाच लागला नव्हता. महाविद्यालयात तो करावा लागला, आणि तिथे सारे विसकटले. प्रयोगाचा अहवाल मनात पूर्ण तयार असे, कागदावर कधीच उतरत नसे. पुस्तके पाच उघडलेली, संपलेले एकही नाही. घरात तिच्यासाठी शब्दांची वाण नव्हती: धांदरट, वेंधळी, चित्त थाऱ्यावर नसलेली. वडिलांचे निदान अधिक नेमके होते. "डोकं आहे, बैठक नाही," असे ते म्हणत. मराठीत अभ्यास आणि गाणे ही दोन्ही 'बैठकी'ने साधतात. बैठक नाही म्हणजे चारित्र्यातच काही उणे आहे, असा त्या शब्दाचा रोख. तिलाही तेच खरे वाटे.

पदवीनंतर ती गावातील स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात जाऊ लागली. तिथे एक विचित्र गोष्ट घडे. रस्त्यावर पडलेल्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसली की ती काहीही विसरत नसे. नाडी, श्वास, औषधांची नावे, नातेवाईक काय बोलले, सारे जागच्या जागी. घरी परतल्यावर मात्र मोटारीची किल्ली सापडत नसे. सव्विसाव्या वर्षी एका डॉक्टरने या विसंगतीचे नाव सांगितले: अवधान-न्यूनतेचा विकार. औषध सुरू झाले. काही आठवड्यांनी रसायनशास्त्राचे एक प्रकरण तिने एका बैठकीत वाचून संपवले, आणि पुस्तक मिटल्यावर तिला आनंद झाला नाही, राग आला. इतकी साधी गोष्ट इतरांना रोज जमत होती तर!

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे वडिलांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नव्हते. १७९८ साली अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने अवधान न टिकण्याच्या व्याधीचे वर्णन केले होते. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यांतही नैतिक नियंत्रणाच्या उणिवेचीच भाषा होती, म्हणजे वडिलांच्या 'बैठकी'पासून ती फार दूर नव्हती. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी ऱ्होड आयलंडमध्ये उत्तेजक औषधाने चंचल मुले शांत होऊन अभ्यास करू लागतात, हे नोंदवले. तिला दिलेले मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या ग्रंथात या विकाराचे नावच बालपणाशी आणि अतिचंचलतेशी बांधलेले होते. खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी त्या नावात मावत नव्हती. १९८० मध्ये नावात अवधान आले. प्रौढांसाठी निकष सैल व्हायला २०१३ उजाडले.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. आजच्या मराठीत 'विक्षिप्त' म्हणजे तऱ्हेवाईक. भाष्याच्या परंपरेत मात्र ते असे चित्त आहे, जे बहुधा विखुरलेले असून मधूनमधून स्थिरही होते. प्राचीन ग्रंथांत आधुनिक रोग शोधण्याचा उद्योग बहुधा हास्यास्पद ठरतो, आणि भाष्यकारासमोर मुमुक्षू होता, रुग्ण नव्हता. तरीही रुग्णवाहिकेतली ती मुलगी ज्या शब्दात बसते तो हाच.

उपचारांनंतर तिने विज्ञानाचे ४० श्रेयांक पुन्हा मिळवले, ४ पैकी ३.९ च्या सरासरीने. परंतु आधीच्या १२० श्रेयांकांची सरासरी २.७ होती, आणि सामाईक अर्जात जुने गुण पुसले जात नाहीत; विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही वेळचे गुण धरले जातात. दोन्हींची बेरीज ३.० वर येऊन थांबली. प्रवेशपरीक्षेत ५२८ पैकी ५१४ मिळाले. हा आकडा आणि तो आकडा एकाच व्यक्तीचे आहेत, हे समितीला पटवावयाचे कोणत्या शब्दांत?

इथे कायद्याची एक गंमत आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखालील नियमांनुसार प्रवेशापूर्वी उमेदवाराला त्याच्या विकलांगतेविषयी विचारता येत नाही. कोणी विचारणार नव्हते. पण २.७ हा आकडा मुकाट बसत नाही. त्याचे स्पष्टीकरण दिले नाही तर वाचणारा आपले देतो, आणि ते बहुधा आळस हेच असते.

याच देशातील वैद्यकीय महाविद्यालयाकडे एका मराठी मुलीने पूर्वी असेच निवेदन पाठवले होते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. प्रवेशाच्या अटींत आपण पुऱ्या बसत नाही याची जाणीव त्यात आहे, आणि आप्तांच्या व जातीच्या विरोधाला न जुमानता येथवर आणणारा निश्चयच त्यांनी पात्रता म्हणून पुढे केला आहे. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. तो अडथळा बाहेरचा होता. बाहेरचा अडथळा सांगणाऱ्याला उंच करतो. आतला अडथळा सांगितला की तो ओलांडल्याचे श्रेय मिळण्याआधी तो परत येईल काय, ही शंका येते. वैद्यकासारख्या क्षेत्रात तर ती येतेच. तिथे एका चुकीची किंमत दुसरा माणूस मोजतो. ही शंका सर्वस्वी अन्यायाची म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती अधिक बोचते.

पहिला मसुदा तिने गोळीभोवती रचला. वाचावयास तो सर्वांत प्रभावी होता आणि सर्वांत खोटाही. कारण गोळीने तिला बैठक दिली, इच्छा दिली नव्हती. सल्लागार म्हणाले, विकाराचा उल्लेखच नको. तसा मसुदा केला, तर पदवीची चार वर्षे कथेतून नाहीशी झाली, जणू त्या काळात ती परदेशी होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त धर्मांतरासारखी घटना आहे, पण तिच्या अलीकडची लक्ष्मीबाई आणि पलीकडची लक्ष्मीबाई एकाच आवाजात बोलतात. तिसऱ्या मसुद्यात असे काहीसे साधले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रुग्णवाहिकाच. मधे दोन वाक्ये, विकाराचे नाव आणि निदानाचे वर्ष. ५,३०० अक्षरांपैकी दोनशेही त्यांनी व्यापली नाहीत. वडिलांनी ते वाचले आणि 'चिकाटी' हा शब्द कुठेतरी घालायला सांगितले. तिने घातला नाही.

अनेक ठिकाणांहून नकार आले, दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. त्यांपैकी एका ठिकाणी एका वृद्ध प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षाच्या गुणांवर बोट ठेवले, तिने नाव सांगितले, आणि त्यांनी पुढचा प्रश्न रुग्णवाहिकेविषयी विचारला. जागा मिळाली ती तिथेच. पुढच्या महिन्यात परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठीचा अर्ज आला. त्यात विकाराच्या नावासाठी एक ओळ होती, निदानाच्या तारखेसाठी दुसरी; आत्मनिवेदनाला जागाच ठेवलेली नव्हती. तो तिने दहा मिनिटांत भरला आणि त्याच दिवशी पाठवला.