गरमीचा काटा

आज आमच्या जुन्या एचएमटी ट्रॅक्टरचा टेंपरेचर मीटर बदलला. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला, पण चिखलीच्या काळ्या वावरात हे इंजिन अजून दमदार चालतं.

जुन्या मीटरची तांब्याची बारीक नळी तुटली होती. आतला द्रव उडाला की जोड देऊन उपयोग नाही. बल्ब, नळी, काटा, सगळं नवंच. बसवण्याआधी बल्ब उकळत्या पाण्यात धरला. आमच्या घाटावरच्या भागात पाणी शंभरच्या दोनेक अंश आधीच उकळतं. काटाही तिथंच थांबला. फार बरं वाटलं.

काटा बंद होता तेव्हा बाबा वाफेवरून अंदाज घेत. वैशाखातली नांगरट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा. इंजिन तापून हेड वाकलं तर हंगामच हातचा जातो. मला ते अंदाजावर चालवणं सोसत नव्हतं. उद्या वरचं वावर नांगरायला घेऊ.