क्रियाविशेषणाची जागा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघे मिळून भाषांतराची एक अभ्यासपत्रिका शिकवतो. आमच्यापैकी एकाला व्याकरणाचे वेड आहे, दुसरीला व्याकरणवेड्यांचा कंटाळा. त्यामुळे तासांची वाटणी आपोआप होते. कायद्याच्या भाषेवरचा घटक आला, तेव्हा आम्ही वर्गाला अमेरिकेच्या 2004 सालच्या एका कायद्यातले वाक्य भाषांतरासाठी दिले. त्याचा विषय ओळखीची चोरी. दुसऱ्या व्यक्तीचे ओळखपत्र किंवा क्रमांक अधिकार नसताना, जाणूनबुजून, विशिष्ट गुन्ह्यांच्या ओघात जो वापरील त्याला मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षे तुरुंगवास, असा त्याचा आशय.

मुळात 'जाणूनबुजून' हे क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आहे आणि 'दुसऱ्या व्यक्तीचे' हे शब्द पार शेपटाकडे. इंग्रजीत ते तसे लांब लांब राहू शकतात. मराठीत ती सोय नाही. क्रियाविशेषण कुठे ठेवायचे हे भाषांतरकाराला ठरवावेच लागते. वर्गाची दोन उत्तरे आम्ही फळ्यावर लिहिली. 'जो दुसऱ्याचा क्रमांक जाणूनबुजून वापरतो' हे एक. 'क्रमांक दुसऱ्याचा आहे हे जाणून जो तो वापरतो' हे दुसरे. फरक काय, असे विचारताच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पहिल्यात क्रमांक कुणाचा तरी निघाला की माणूस आत. दुसऱ्यात ते त्याला माहीत असायला पाहिजे." इतके स्वच्छ उत्तर आम्हांलाही देता आले नसते.

हे वाक्य आम्ही उगाच निवडले नव्हते.

आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती दोन-अडीच हजारांची, आणि पोटापाण्याचा आधार मांसाचा एक मोठा कारखाना. 12 मे 2008 रोजी हेलिकॉप्टर आणि शेकडो अधिकारी घेऊन सरकारने या कारखान्यावर धाड घातली आणि 389 कामगारांना धरले. बहुतेक ग्वातेमालाचे, उरलेले मुख्यतः मेक्सिकोचे. त्यांना वॉटर्लू येथील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर नेण्यात आले आणि तिथल्याच सभागृहात न्यायालय भरवण्यात आले. कामगारांना साखळ्या घालून दहा-दहांच्या तुकडीने न्यायाधीशांपुढे उभे केले जाई.

एरवी अशा लोकांना नुसते मायदेशी धाडत. या वेळी सुमारे तीनशे जणांवर फौजदारी खटले भरले गेले, आणि टेबलावर ठेवण्यात आले ते आमच्या फळ्यावरचे वाक्य. ओळखचोरीचा आरोप लढवायचा तर किमान दोन वर्षांची टांगती तलवार. खोटा सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरल्याचा धाकटा गुन्हा कबूल केला तर पाच महिने कैद आणि मग हद्दपारी. निर्णयाला सात दिवस. जामीन नाही. म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करू पाहणारा खटल्याची वाट पाहत पाच महिन्यांहून अधिक काळ आतच राहणार, आणि तिकडे घरी पैसे जाणार नाहीत. जवळजवळ सर्वांनी कबुली दिली. हिशेब कुणालाही कळण्यासारखा होता.

हे आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे ते एका दुभाष्यामुळे. एरिक कामाइद-फ्रेइशास हे मायामीच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकवणारे प्राध्यापक. सरकारने बोलावलेल्या दुभाष्यांपैकी एक. काम संपल्यावर त्यांनी एक प्रदीर्घ निबंध लिहिला आणि जुलै 2008 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. सोशल सिक्युरिटी क्रमांक म्हणजे काय, तो कशासाठी असतो, हेच कित्येकांना ठाऊक नव्हते, असे त्यांनी लिहिले. कामगारांतले अनेक जण माया वंशाचे. काहींना स्पॅनिशसुद्धा परकी. ज्या माणसाला क्रमांक म्हणजे काय हे कळलेले नाही, तो 'जाणूनबुजून दुसऱ्याचा' क्रमांक चोरतो, हे वाक्य त्याच्या कानात घालण्याचे काम या प्राध्यापकाकडे आले होते.

भाषांतरकाराने अदृश्य राहावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. हा निबंध वाचल्यापासून ते वाक्य उच्चारताना आमच्यातल्या एकीचा आवाज खाली येतो. दुसऱ्याचे मत अजूनही असे, की दुभाष्याने काम चालू असताना शब्दही बदलला नाही आणि काम संपल्यावर तोंड उघडले, यातच त्याची थोरवी आहे. हा वाद आमच्या घरी मिटलेला नाही.

पुढे 4 मे 2009 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरेस-फिगेरोआ या खटल्यात नेमका हाच प्रश्न निकालात काढला. पोलाद कारखान्यात काम करणारा एक मेक्सिकन माणूस. त्याच्या कार्डावर नाव स्वतःचे, क्रमांक दुसऱ्याचा. न्यायमूर्ती ब्रायर यांच्या निकालपत्राचा मोठा भाग चक्क व्याकरणाचा आहे : बोलीत क्रियाविशेषण नुसत्या क्रियापदाला लागते की कर्मासकट सगळ्याला? नऊही न्यायमूर्तींनी कौल दिला, की सगळ्याला. क्रमांक खऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. म्हणजे बाकावरच्या आमच्या मुलीचे दुसरे वाक्य. मोरो केशव दामले असते तर खूश झाले असते. परंतु पोस्टव्हिलचे कामगार तोवर पाच महिने भोगून बहुतांशी मायदेशी धाडलेही गेले होते.

आता याच शब्दाची दुसरी कथा. 1952 च्या कायद्याने बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरवला. पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. टेक्सासच्या बागायतदारांच्या सोयीची म्हणून ती 'टेक्सास प्रोव्हायझो' या नावानेच ओळखली जाते. 1986 साली रेगन यांच्या सहीने कायदा बदलला. सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले आणि बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच दंडाची तरतूद झाली. मात्र केव्हा? तर 'जाणूनबुजून' ठेवल्यास! कागद वरकरणी खरा वाटला की मालकाचे कर्तव्य संपले. इथे क्रियाविशेषणाच्या जागेविषयी कुणालाही शंका आली नाही. त्या शब्दाने मालकाला दिलेले छत्र कामगाराला मिळायला 2009 उजाडावे लागले. पोस्टव्हिलच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला 27 वर्षांची शिक्षा झाली खरी, पण ती बँकेच्या फसवणुकीबद्दल. बेकायदा कामगारांसंबंधीचे त्याच्यावरचे आरोप सरकारने मागे घेतले, आणि 2017 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ती शिक्षाही कमी करून त्याला सोडले. शिवाय त्या खोट्या क्रमांकांवर जे पैसे पगारातून कापले जातात ते पेन्शनच्या सरकारी निधीत जमा होतात. कापून घेताना क्रमांक चालतो. म्हातारपणी मागायला गेल्यावर चालत नाही.

इथवर सगळे कागदावरचे. पण आम्हांला ते वाक्य टोचते, त्याचे कारण घरचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीला महिनाभर राहिलो. आमच्यातल्या एकाचे थोरले बंधू, म्हणजे दुसरीचे दीर, तिथे दोन दशके आहेत. दादांनी ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षे वाट पाहिली. तेवढ्या काळात नोकरी सोडता आली नाही, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात येणेही झाले नाही. त्यामुळे 'बेकायदा' हा शब्द निघाला की ते म्हणतात, "आम्ही रांगेत उभे राहिलो." त्या म्हणण्यातली जखम आम्हांला कळते, तिला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. फक्त, कारखान्यात मांस कापणाऱ्या किंवा शेतात टोमॅटो तोडणाऱ्या माणसाला उभे राहता येईल अशी रांग फार थोडी आहे. शेतीच्या हंगामी परवान्यापलीकडे कायमच्या बिनकौशल्याच्या कामासाठी वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार व्हिसा, अख्ख्या जगाला मिळून. हे दादांना आम्ही तेव्हा सांगितले नाही. त्यांच्या घरचे जेवत होतो.

त्या घरी दर गुरुवारी साफसफाईला एक बाई येत. मोबदला रोख. जाताना वहिनी त्यांच्या हाती कधी पोळीभाजीही देत. एकदा आमच्यातल्या एकीने विचारले, या मूळच्या कुठल्या? वहिनी हसून म्हणाल्या, "अगं, ते विचारायचं नसतं. विचारलं की कळतं." दोघीही हसल्या. नंतर चार गुरुवार आम्ही पाय वर उचलून बसत होतो, त्या खालून पुसून घेत होत्या, आणि आम्हीही विचारले नाही.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचे लष्करी विमान 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरले. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, महाराष्ट्राचे तिघे. वर्गात चर्चा झाली ती त्या तिघांची. उरलेल्या एकशे एकांविषयी वर्गाला काही वाटल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये शेते, हॉटेले आणि मांसाचे कारखाने यांवरच्या धाडी थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच मागेही घेतला गेला. हे लोक कोण आहेत आणि कुठे राबतात हे ठाऊक असल्याखेरीज असा आदेश काढताच येत नाही. ते जाणणे मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

त्या उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्या म्हणाल्या, तीन गुरुवार झाले, बाई आलेल्या नाहीत. फोन बंद. आडनाव विचारले तर त्यांना सांगता येईना. मोबाइलमध्ये नंबर 'क्लीनिंग' या नावाने ठेवलेला. कुठे चौकशी करावी, तर आपणच तिला अडचणीत आणू, असे दादांचे म्हणणे पडले. पुढच्या दाराची किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे, असे वहिनी म्हणाल्या, आणि कुलूप काही आपण बदललेले नाही.