पिकअपला पिकअप हवा!

आमच्याकडे कोकणात ‘टर्बो’ हा शब्द बहुतेकांनी ट्रकच्या नाहीतर जीपच्या मागे लिहिलेला वाचलेला असतो. डिझेल गाडीला तो कंपनीतूनच बसून येतो, त्यामुळे त्याचे कुणाला अप्रूप नसते. इकडे अमिरातीत पिकअपसुद्धा सर्रास पेट्रोलवर चालतात, आणि पेट्रोल इंजिनाला मागाहून टर्बो बसवून घेणे हा इथल्या तरुणांचा मोठा शौक आहे.

आम्ही दोघे भाऊ रत्नागिरी जिल्ह्यातले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये काम करतो. मोठ्याला १८ वर्षे झाली, धाकट्याला ११. सुट्टीवर गावी आलो की पोरे विचारतात, “चाचा, आपल्या गाडीला टर्बो बसेल का?” याचे उत्तर चहा संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे.

ऐकायला सोपे वाटते, पण हवा दाबली की तापते. इथल्या उन्हाळ्यात ४५ अंशांची हवा दीडपट दाबली, तर ती १०० अंशांच्या आसपास जाते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते आणि डिझेल अगदी शेवटी फवारले जाते, म्हणून त्याला ही उष्णता चालते. आपल्या साध्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल हवेबरोबरच आत शिरते. मिश्रण जास्त तापले, तर प्लगची ठिणगी पोहोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो. याला नॉकिंग म्हणतात. बाहेर नुसती टकटक ऐकू येते, आत मात्र पिस्टनवर हातोड्याचे घाव बसत असतात. दाब जास्त असेल तर पिस्टनची कड तुटायला काही सेकंद पुरतात.

अमेरिकेत हे फार पूर्वी कळले होते. १९६२ साली ओल्ड्समोबाइल जेटफायर ही पेट्रोलची टर्बो गाडी बाजारात आली. नॉकिंग होऊ नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती टाकी भरायला विसरत, आणि मग गाडीचा जोर कमी होई. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. १९९१ साली जीएमसी कंपनीने सायक्लोन नावाची पिकअप काढली. ४.३ लिटरचे पेट्रोल इंजिन, त्यावर टर्बो, २८० हॉर्सपॉवर. भल्या भल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकणारी गाडी! पण तिच्या पाठीवर सुमारे २२५ किलोपेक्षा जास्त माल घालू नका, असे कंपनीनेच सांगितले होते. म्हणजे पिकअप असून ओझ्याच्या कामाची नाही.

आमच्या गॅरेजमध्ये टर्बोचे काम येते ते बहुतेक वाळवंटात गाडी चढवणाऱ्या मुलांचे. अबुधाबीच्या लिवा भागात तल मोरीब नावाचा वाळूचा प्रचंड डोंगर आहे, सुमारे ३०० मीटर उंचीचा. त्यावर गाड्या चढवण्याच्या शर्यती लागतात. त्यासाठी निसान पेट्रोलचे ४.८ लिटरचे किंवा टोयोटाचे ४.५ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन पूर्ण उघडतात. ओतीव पिस्टन काढून घडीव पिस्टन घालतात, कनेक्टिंग रॉड बदलतात, हेड गॅस्केट जाड घालतात. मोठे इंजेक्टर, जास्त ताकदीचा पंप, हवा गार करायला इंटरकूलर आणि शेवटी कॉम्प्युटरचे ट्यूनिंग. टर्बो हा या सगळ्यातला एक सुटा भाग. लोकांना दिसतो तोच, म्हणून नाव त्याचे होते. अशा कामाला पैसा पाण्यासारखा लागतो, आणि गाडी बिघडली तरी त्या घरची चूल बंद पडत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे वेगळाच गिऱ्हाईक आला. खेडकडचे एक चाचा, वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्याकडे २.७ लिटरची चार सिलिंडरची पेट्रोल हायलक्स आहे. पहाटे दुबईच्या अल अवीर मार्केटातून भाजी भरायची आणि हजर पर्वत ओलांडून फुजैराकडच्या दुकानांत पोहोचवायची, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यावर गावचे घर चालते आणि पुण्यात मुलीचे फार्मसीचे शिक्षण चालू आहे. म्हणाले, “पिकअपला पिकअपच राहिला नाही रे. चढावर ट्रकवाले हॉर्न मारतात. उशीर झाला तर भाजी कोमेजते, दुकानदार पैसे कापतो.” कुणीतरी त्यांना सांगितले होते की टर्बो टाका, गाडी विमान होईल. आमच्या मालकाने ७,५०० दिरहम सांगितले होते, आणि चाचा ते रोख घेऊन आले होते. त्यांतले निम्मे उसने होते.

अशा कामावर आम्हाला पगाराशिवाय कमिशन मिळते. ईद तोंडावर आली होती आणि घरी पैसे पाठवायचे होते. पण इंजिनाचे झाकण उघडण्याआधी ते मोजायचे, हे आम्हाला आमच्या पेशावरी उस्तादांनी शिकवले आहे. आम्ही चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तिघांत १७०च्या आसपास आले, चौथ्यात १३५. चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले तर आकडा वर गेला, म्हणजे रिंगा झिजलेल्या. गाडी ३ लाख ८० हजार किलोमीटर चाललेली. त्या इंजिनावर टर्बो म्हणजे दमेकरी माणसाच्या डोक्यावर आणखी एक गोणी.

मग चढ का चढत नाही ते शोधले. सायलेन्सरच्या बाजूला गेज लावला तर मागे दाब साचत होता. कॅटलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून अर्धा बुजला होता. इंजिन श्वास घेत होते, पण सोडता येत नव्हता. प्लग जुने, एअर फिल्टरमध्ये वाळू. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे टायर. आधीच्या मालकाने रुबाबासाठी मोठ्या मापाचे टायर बसवले होते. टायर मोठा झाला की गाडी जणू कायम एक गिअर वर चालते. सपाटीवर ते जाणवत नाही, चढावर भाजीने भरलेली गाडी मात्र रडते.

आम्ही चाचांना बाजूला बसवून सगळे दाखवले. टर्बो बसवला तर किती दिवस टिकेल, हेही सांगितले. शिवाय इथे परवानगीशिवाय इंजिनात बदल केला तर दंड होतो. पासिंगला गाडी अडली तर तेवढे दिवस धंदा बंद. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी टर्बोचे पैसे देऊन इंजिन विकत घालवणार होतो.” नवा कन्व्हर्टर, प्लग, फिल्टर आणि कंपनीच्या मापाचे चार टायर, सगळे मिळून ३,००० दिरहमच्या आत झाले. रिंगांचे काम पुढे इंजिन उतरवून करावे लागेल, त्यासाठी उरलेल्यातले थोडे बाजूला ठेवा, असे सांगितले. उसने पैसे त्यांनी त्याच आठवड्यात परत केले.

मालक आठवडाभर आमच्याशी धड बोलला नाही. त्याचेही खरे आहे. त्याला जागेचे भाडे आहे, माणसांचे व्हिसा आहेत, आणि गिऱ्हाईक स्वतः पैसे घेऊन दारात आले होते. आमचे कमिशन बुडाले, त्या ईदला घरी थोडे कमी पाठवले. पण चाचांची गाडी बंद पडली असती तर त्याचा हिशेब पुण्यात शिकणाऱ्या मुलीपर्यंत गेला असता, हे आम्हाला दिसत होते. चाचा अजून रोज पहाटे अल अवीरला जातात. चढावर विमान नाही झाले, पण ट्रकवाले आता हॉर्न मारत नाहीत.

आता गावच्या मुलांसाठी. पेट्रोल इंजिनाला टर्बो वाईट असे नाही. अमेरिकेत फोर्डची एफ-१५० पिकअप २०११च्या मॉडेलपासून ३.५ लिटरच्या दोन टर्बोंच्या पेट्रोल इंजिनात मिळते. आपल्याकडेही आता एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या रस्त्यावर आहेत. पण ती इंजिने आराखड्यापासूनच त्या दाबासाठी बनवलेली असतात. तुमची जुनी गाडी तशी बनवलेली नाही. तरी कुणी बसवून देतो म्हणाला, तर त्याला चार गोष्टी विचारा. कॉम्प्रेशन मोजले का? पेट्रोल वाढवण्याची काय सोय? हवा गार कशाने करणार? ट्यूनिंग कोण करणार? यातल्या एकाचेही उत्तर “काही होत नाही हो” असे आले, तर चावी खिशात घाला आणि घरी या.

ज्यांच्या गाडीला कंपनीचा टर्बो आहे त्यांनी एवढे करावे. ऑइल वेळेवर बदलावे, कारण तो लाख फेऱ्यांचा दांडा ऑइलच्या पातळ थरावरच फिरतो. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एखाद-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतले ऑइल करपत नाही.