एकाच छिद्राचं ऑपरेशन

कल्याणला माझ्या ओपीडीत येणारे रोगी ऑपरेशनचे दोनच प्रकार मानत आले: टाक्यांचं आणि दुर्बिणीचं. अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे. "मॅडम, रोबोटनं एकाच छिद्रातून करतात म्हणे. माझं तसंच करा ना." या मागणीला मी चटकन हो किंवा नाही म्हणत नाही, कारण ते ऑपरेशन मी जवळून पाहिलं आहे.

मुंबईत शिकत होते तेव्हा एका छिद्राच्या दुर्बिणीची लाट आली होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सारं गणित कोनावर चालतं. मधून कॅमेरा, दोन बाजूंनी दोन हत्यारं, म्हणजे पित्ताशय एका हातानं ताणून धरता येतं आणि दुसऱ्यानं सोडवता येतं. बेंबीतल्या एकाच छिद्रातून सगळं घातलं की तो कोनच नाहीसा होतो. सरळ हत्यारं एकमेकांवर आपटायची. कॅमेरा धरणारी मी आणि ऑपरेशन करणारे सर, आमचे हात सतत एकमेकांना आडवे यायचे. उजव्या हातातलं हत्यार आत डावीकडं दिसायचं. ती लाट ओसरली त्याचं मला दुःख झालं नाही.

म्हणून दक्षिण कोरियात सोलच्या रुग्णालयात निरीक्षक म्हणून गेले तेव्हा शंका घेऊनच गेले होते. मानेवर व्रण नको म्हणून काखेतून रोबोटनं थायरॉइड काढण्याची पद्धत ज्या देशात रुजली, तिथं एका छिद्राचा रोबोट लोकांना आवडणारच, असं वाटलं होतं. ते यंत्र म्हणजे दा विंची एसपी. अमेरिकेत २०१८ मध्ये मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी घशासाठी. अडीच सेंटिमीटरची एकच नळी, तिच्यातून कॅमेरा आणि तीन हत्यारं. आत शिरल्यावर कॅमेरा नागासारखी मान वळवतो आणि हत्यारं आधी बाहेरच्या बाजूला फाकून मग कोपरातून आत वळतात. जो कोन आम्ही बेंबीत हरवून बसलो होतो, तो या यंत्रानं पोटाच्या आत पुन्हा उभा केला होता. पडद्यावर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले.

मग रोज वेगळ्या विभागात जाऊन उभी राहू लागले. बेंबीतून गर्भाशयाच्या गाठी, कुशीतून मूत्रपिंडाची गाठ, आणि जिभेच्या मुळाशी असलेली गाठ तर थेट तोंडातून, कातडीवर चीरही न देता. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. जिहाद काऊक मूत्राशयातून शिरून प्रोस्टेट काढतात, पोटाची पोकळी न उघडता. घसा, ओटीपोटाचा तळ, गुदाशय, अशा बोळांत चार बाजूंनी चार हात घालायला जागाच नसते. एका छिद्राचं खरं मोल मला तिथं दिसलं. व्रण लहान राहणं ही तिथं दुय्यम गोष्ट होती.

अडचणीही दिसल्या. नळीतून निघालेल्या हत्याराचं कोपर नीट वळायला सुमारे दहा सेंटिमीटर अंतर लागतं. काम त्याहून जवळ असेल तर नळीच शरीराबाहेर उचलून धरावी लागते.

परतल्यावर ज्या बाईंनी हट्ट धरला, त्या स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र चालवतात. पित्ताशयात खडे, आणि त्यांनी मोबाइलवर रोबोटचा व्हिडिओ पाहिलेला. मी विचारलं, "पिठाची गोणी कोण उचलतं?" "मीच की!" त्यांना कागदावर काढून दाखवलं. नेहमीच्या दुर्बिणीत बेंबीजवळचं छिद्र सेंटिमीटरभर आणि बाकीची तीन तेवढीच किंवा त्याहून बारीक. एकच छिद्र म्हटलं की बेंबीतली चीर वाढते, आणि वजन उचलणाऱ्या माणसाला पुढं तिथंच हर्निया होऊ शकतो. एका अभ्यासात पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांची तुलना झाली होती. त्यात वर्षभरानं हर्नियाचं प्रमाण एका छिद्रात ८.४ टक्के निघालं, चार छिद्रांत १.२ टक्के. त्या अभ्यासात रोबोट नव्हता, पण चीर कशानंही दिली तरी बेंबी तीच. शिवाय रोबोटचा खर्च. बाईंनी चार छिद्रांना होकार दिला, आणि लवकरच तव्यासमोर उभ्या राहिल्या.

भारतात दुर्बिणीनं पहिलं पित्ताशय निघालं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ते काढलं, आणि हे तंत्र गरिबाच्या उपयोगाचं आहे हे ते आयुष्यभर सांगत राहिले. हातावर पोट असलेला माणूस कामावर लवकर परततो, हा त्यांचा हिशोब. छिद्रं मोजताना मी तोच हिशोब धरते.

मागच्या महिन्यात एका गृहस्थांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मी स्वतःच मुंबईला रोबोटकडं पाठवलं. त्यांचं काम ओटीपोटाच्या अरुंद तळातलं होतं, तिथं यंत्राची मदत मोठी. मुलानं विचारलं, "एकाच छिद्रातून होईल ना, मॅडम?" त्याला म्हटलं, छिद्रं किती ते तिथले सर्जन ठरवतील. तू त्यांना एवढंच विचार, की अशी ऑपरेशनं त्यांनी आजवर किती केली आहेत, आणि रक्त थांबेना किंवा नीट दिसेना, तर आणखी एक छिद्र कधी पाडायचं हे त्यांनी आधीच ठरवलंय का. त्यानं दोन्ही प्रश्न रिपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतले.