शिक्क्याचें मोल

शिक्का दिसला कीं माणूस तपासणें सोडून देतो. वाण्याच्या वजनावरील सरकारी ठसा पाहिल्यावर तागडीच्या कांट्याकडे कोण लक्ष देतो? सोन्यावरची छाप पाहिली कीं कसोटीची आठवणही होत नाहीं. मी स्वतः याच पंथांतला. म्हणून माझ्या लॅपटॉपसाठीं वाय-फायचा एक अंगठ्याएवढा तुकडा मीं घेतला, तोही शिक्का पाहूनच.

हा शिक्का मात्र कांहींसा निराळा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं अमेरिकेंत स्थापिलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था २०१२ पासून कांहीं यंत्रांना ‘आपल्या स्वातंत्र्याचा मान राखणारें’ अशा अर्थाचें प्रमाणपत्र देत आली आहे. खोक्यावर ‘लिनक्सवर चालतें’ एवढें छापणें सोपें असतें. परंतु पुष्कळदां ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशीं बोलावें कसें हें संगणकाला शिकविणारी आज्ञावली, सर्वांना खुली असते. आणि चिपच्या पोटांत भरावें लागणारें फर्मवेअर तेवढें गुप्त राहतें. ओटीवर ‘या, बसा’ आणि माजघराला कुलूप, असा हा पाहुणचार! अथेरॉस कंपनीच्या एआर९२७१ या चिपचें कुलूप निघालें. तिच्या फर्मवेअरची मूळ लिखावट मुक्त परवान्यानें प्रसिद्ध झाली, आणि ती चिप असलेल्या थिंकपेंग्विनच्या यूएसबी तुकड्याला २०१३ सालीं हें प्रमाणपत्र मिळालें.

“बाबा, तुम्ही पैसे मोजून मंदपणा विकत घेतलात!” माझा मुलगा हंसत म्हणाला. हिशेबानें त्याचें खरें होतें. सेकंदाला फार तर १५० मेगाबिट, तेही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यांत. बाजारांतले नवे तुकडे याच्या कितीतरी पुढें गेले आहेत.

शिवाय या शिक्क्याच्या नियमांतही एक गंमत आहे. दुय्यम चिपमध्यें कारखान्यांतच बसविलेलें, विक्रीनंतर बदलावयाचें नसलेलें सॉफ्टवेअर असेल, तर त्याला सूट मिळते. तेंच संगणकावरून दर वेळीं भरावें लागत असेल, तर मात्र तें मुक्तच असलें पाहिजे. भिंतींत चिणलेलें गुपित चालतें, फडताळांतलें चालत नाहीं! ज्यांनीं घरांत सोंवळ्याओंवळ्याचे नियम पाहिले आहेत, त्यांना याचें फारसें नवल वाटूं नये. रेघ कोठें तरी ओढावीच लागते. या मंडळींनीं ती उघडपणें ओढून नियमांत लिहून ठेवली आहे, म्हणून तिच्याशीं वाद तरी घालतां येतो.

मला त्या तुकड्याचें मोल वाटतें तें याच उघडेपणामुळें. इतर शिक्के म्हणतात, “आम्हीं पाहिलें आहे, आपण निश्चिंत असा.” हा म्हणतो, “आम्हीं पाहिलें आहे, आपणही पाहा.” त्या लिखावटींतील एक ओळही मला उमगत नाहीं, हें मुलगा मला वरचेवर ऐकवितो. पण उद्यां कंपनीनें हात वर केले, तरी कोणी जाणता तीच लिखावट उघडून दोष काढूं शकेल, आणि त्याचा लाभ मलाही होईल. पूर्वीं गांवांत एकाला वाचतां येत असलें, म्हणजे साऱ्या आळीचीं पत्रें वाचलीं जात. पत्र मोहोरबंद मात्र असतां कामा नये.