हिरवळीतली ती निळी वेल



मुलीकडे अमेरिकेत बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आपण बऱ्याचजणी आहोत, म्हणून हे लिहितेय. एप्रिल-मेमध्ये न्यू जर्सीच्या अंगणात जमिनीसरपट पसरलेली, निळ्या-जांभळ्या फुलांची एक वेल दिसते. तिला क्रीपिंग चार्ली किंवा ग्राउंड आयव्ही म्हणतात. आपल्या पुदिन्याच्या कुळातली, पण मूळची युरोपातली. तिथून आलेल्या लोकांनी औषधी म्हणून ती सोबत आणली आणि ती अंगणाबाहेर रानातही पसरली.

जावईबापू तणनाशक फवारणाऱ्यांना बोलावणार होते. मी म्हटलं, आधी झाड कोणतं ते तर पाहू.

ओळख सोपी आहे आणि पान तोडावं लागत नाही. खोड बोटांत धरलं की चौकोनी लागतं. पानं समोरासमोर जोडीनं, गोलसर, झालरीसारख्या कडांची. हलकं चोळलं की पुदिन्यासारखा उग्र वास येतो. जिथं पेर जमिनीला टेकतं, तिथं मुळं फुटतात.

मॅलोची पानं अशीच गोल, पण एकाआड एक असतात आणि खोड चौकोनी नसतं. हेनबिट आणि पर्पल डेडनेटल याच कुळातल्या, खोडही चौकोनी. पण त्या वर उभ्या वाढतात आणि उन्हाळा आला की आपोआप वाळतात. त्यांना हात लावायचीच गरज नाही.

वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, कमी मात्र करता येते. त्यासाठी नीट ओळख हवी.

आमच्याकडे निघाली क्रीपिंग चार्लीच. तिच्या फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येत होत्या. फवारणीचा त्रास त्यांनाही झाला असता, आणि नात तिथं अनवाणी खेळते. मी बी.कॉम., हिशेब मांडला: सगळं अंगण फवारायचं की भाजीच्या वाफ्याभोवतीची चार हात जागा साफ करायची? पाऊस पडून माती मऊ झाल्यावर आम्ही मायलेकींनी तेवढीच वेल हातानं, मुळांसकट काढली. तुकडा राहिला की पुन्हा फुटते, म्हणून सावकाश. मेपलच्या सावलीतली तशीच ठेवली.

जावईबापू म्हणाले, "यंदा राहू दे, आई. पुढच्या वर्षी बघू."

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात त्या वेलीलाही मिच्छामि दुक्कडम् म्हटलं.