कडेला उभा आप्पा

आजोबांच्या विरलेल्या धोतरावर मी दौतीतल्या शाईनं कोंबडी काढली, तेव्हा पाचेक वर्षांची असेन. आजीनं ते धोतर वाकळेसाठी धुऊन घडी करून ठेवलं होतं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी कणगीमागे लपले. आजीनं विचारलं, "काय हाय गं हे?" मी तिथूनच म्हणाले, "कोंबडी." "मग तीन पाय कसं हिला?" "ती पळतीय." आजी पुढं काही बोलली नाही. तिनं सुईत तांबडा दोरा ओवला आणि माझ्या रेघेवरून, रेघ जिथं थरथरली होती तिथं थरथरत, धावदोरा घातला. तिन्ही पायांसकट. दोन-चार धुण्यांत शाई निघून गेली. कोंबडी राहिली.

आमच्या सांगलीकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर त्यातल्या त्यात धड तुकडे, आणि टाके कडेपासून सुरू होऊन घरामागून घर आत सरकत मध्यावर येऊन मिटायचे. आजी गेल्यावर ती वाकळ माझ्याकडं आली. माझ्या मुलाच्या दुपट्याला मात्र मी बाजारातलं छापील सशांचं कापड लावलं. त्याच्या हातची एकही रेघ माझ्याकडं कापडावर नाही, याचं आज वाईट वाटतं.

पुढं ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या एका साखरशाळेत शिकवायला लागले. दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या कारखान्यावर उतरत, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहत, आणि कोयत्याबरोबर आलेली मुलं आमच्या पत्र्याच्या वर्गात येत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आई-बाप फडावर गेले की ही मुलं एकेका गोधडीत तिघं-तिघं गुरफटून बसलेली दिसायची. वर्गासाठी एक गोधडी करावी, आणि तिच्यावर मुलांनीच चित्रं काढावीत, हे तिथंच सुचलं.

मांजरपाट आणला. आधी गरम पाण्यात भिजवून, चोळून त्याची खळ काढावी लागते, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि सुटून येतो. कापड सुतीच हवं. नऊ इंची चौकोन कापले, चोवीस मुलांचे चोवीस. मेणखडू चालवताना कापड सरकतं, गोळा होतं. म्हणून सुताराकडून पॉलिश पेपर आणून तो खाली घातला. त्याच्या खरखरीला कापड घट्ट धरून राहतं आणि लहान हातालाही जोर लावता येतो. चित्र झालं की वरखाली कोरा कागद ठेवून कोळशाची इस्त्री दाबायची, घासायची नाही. मेण वितळून कागदात उतरतं, रंग कापडात राहतो. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई कापडावर उमटते. कागद उचलायची वेळ आली की मुलं श्वास रोखून उभी राहायची. कागदावर चित्राची तेलकट सावली दिसायची, तीही त्यांना घरी न्यायला हवी असायची.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. एका मुलाचा बैल मला बैल वाटेना, म्हणून मी काळा खडू घेऊन त्याची शिंगं नीट केली, वशिंड गोल केलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्यो आमचा न्हाई." चौकोन तिथंच ठेवून तो बाहेर गेला. त्यांच्या बैलाचं एक शिंग मोडकं आहे, हे मला दुसऱ्या मुलानं सांगितलं. मी त्याला नवा चौकोन दिला. त्यानं घेतला, पण त्यावर बैल काढला नाही. नुसतं चाक काढलं. ते चाक अजून माझ्या डोळ्यांपुढं येतं. मोठ्या माणसाचं काम दोरा ओवायचं आहे, हे आजीनं मला पाचव्या वर्षीच दाखवलं होतं, आणि ते मी विसरले होते.

शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडायला सांगितलं होतं. पेन्सिलीनं रेघाही मारून दिल्या होत्या. एका मुलीनं मधोमध कोपी काढली, चूल, आई, कुत्रं. आणि रेघेच्या पलीकडं, अगदी कापडाच्या काठाला, एक माणूस. "हा कोण?" "आप्पा." "इतका लांब?" "कारखान्यावर हाय. गाडी नंबराला लागलीया."

चौकोन एकमेकांना जोडले असते तर आप्पा शिवणीत गेला असता. त्याला आत ओढून घे, असं तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. बाप काठावर आहे, हेच तर तिनं काढलं होतं. शेवटी जुन्या साड्यांचे बारा इंची चौकोन कापले आणि त्यांच्या मध्यावर मुलांचे तुकडे काठ न दुमडता ठेवून कडेनं काजटाका घातला. एका आप्पासाठी चोवीसही चौकोनांना इंच-इंच अंगण मिळालं.

पुढं सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या गोधड्यांविषयी वाचलं तेव्हा ही मुलगी आठवली. 1942 मध्ये जपान्यांच्या कैदेत असलेल्या लहान मुलींनी चिंध्यांचे षटकोन जोडून एक गोधडी केली आणि तिच्यावर आपापली नावं भरली. ती पाहून तिथल्या बायकांनीही तीन गोधड्या केल्या, प्रत्येकीत सहासष्ट चौकोन. त्यांचे नवरे त्याच कैदेत, पण वेगळे ठेवलेले. आपण जिवंत आहोत हे त्यांना त्या चौकोनांवरून कळावं, ही त्यामागची आस. ज्याला भेटता येत नाही त्याच्यासाठी कापडावर जागा राखायची, हे त्या बायकांना आणि माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या पोरीला सारखंच उमगलं होतं.

आमची गोधडी जानेवारीअखेर पुरी झाली. आयाही संध्याकाळी येऊन दोन-दोन घरं टाके घालून जात. दिवसभर कोयता चालवलेल्या त्या हातांचा टाका माझ्यापेक्षा बारीक होता. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या गावाकडं गेल्या. गोधडी माझ्याकडं राहिली. मी ती थंड पाण्यात, सोडा न घालता धुतली. साध्या मेणखडूचा रंग तरीही धुता धुता फिका होतोच.

पुढच्या हंगामात चोवीसपैकी नऊ मुलं परत आली. बैलवाला आला नाही. ती मुलगी आली, दप्तर टाकून सरळ गोधडीकडं गेली आणि बोटानं रांगा मोजत आपला चौकोन शोधला. आप्पा पुसट झाला होता.

"बाई, मला भाऊ झालाय. त्याला कुठं काढू?"

चौकोनात जागा नव्हती. भोवती साडीची इंचभर पिवळी पट्टी होती. तिनं पेन्सिलीनं तिथं, आप्पाच्या पायाशी, अंगठ्याएवढं एक बाळ काढलं. मी डब्यातून तांबडा दोरा काढला आणि तिला विचारलं, "आधी डोकं शिवू की पाय?"